सर जॉन लबक: सुट्टीचा कायदा करणारे बँकर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळेत 'पुराश्मयुग आणि नवाश्मयुग यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न बहुतेकांनी सोडवलेला असतो. अश्मयुगाचे असे दोन भाग पाडून त्यांना नावं देणारा माणूस लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका बँकेचा मालक होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसतं. त्याच माणसानं इंग्लंडला बँक हॉलिडे दिला आणि डार्विनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाची जागा मिळवून दिली. मुंग्यांना दारूही पाजली. मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. त्यामुळे या माणसाबद्दल बोलायला लागलो की थांबत नाही आणि मग लोक प्रश्न विचारतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे लबक नेमके कोण?

जन्म ३० एप्रिल १८३४, लंडन. मृत्यू २८ मे १९१३, केंट परगण्यातला किंग्सगेट कॅसल. वडिलांचं नावही सर जॉन लबकच. तेही बँकर होते आणि शिवाय गणिती, भरती-ओहोटीचा हिशेब मांडणारे. १८६५ मध्ये वडील गेले आणि बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मुलाकडे आली. १८७० ते १९०० अशी तीस वर्षं ते हाउस ऑफ कॉमन्समध्ये होते. १९०० साली लॉर्ड झाले आणि 'एव्हबरी' हे नाव घेतलं. म्हणून जुन्या लिखाणात कुठे 'सर जॉन लबक' भेटतात तर कुठे 'लॉर्ड एव्हबरी'. माणूस एकच.

बँकेत कसे आले? शिक्षण किती?

ईटन या नामांकित शाळेतून मध्येच काढून घेतलेले. १८४९ मध्ये, पंधरा वर्षांचे होता होता, वडिलांनी त्यांना पेढीवर बसवलं, कारण बाकीच्या भागीदारांच्या तब्येती ढासळल्या होत्या आणि गल्ला सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. आपल्याकडे दुकानदाराच्या थोरल्या मुलाचं होतं तसंच. कॉलेजचं तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही. पुढे १८७२ ते १८८० ते लंडन विद्यापीठाचे कुलगुरू होते, ही गंमत वेगळी.

मग विज्ञान कुठे शिकले?

शेजाऱ्याकडे! शेजारी चार्ल्स डार्विन असल्यावर आणखी काय हवं?

लबक कुटुंब केंटमधल्या डाउन गावाजवळ हाय एल्म्स नावाच्या इस्टेटीत राहायला आलं तेव्हा जॉन लहान होता. १८४२ मध्ये एके दिवशी वडील घरी येऊन म्हणाले, आज तुला एक मोठी आनंदाची बातमी आहे. पोराला वाटलं, तट्टू येणार! बातमी निघाली ती अशी की डार्विन नावाचे गृहस्थ गावात राहायला येताहेत. पोराचा चेहरा पडला. हा किस्सा लबक म्हातारपणीही सांगत.

तट्टू मिळालं नाही, पण शेजार लाभला. मुलाला सूक्ष्मदर्शक घेऊन द्या, असं डार्विननी वडिलांना पटवलं. आपल्या जगप्रवासात जमवलेले कवचधारी जलजीव त्यांनी या पोराच्या हाती अभ्यासाला दिले. १८५३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, लबक यांचा पहिला शोधनिबंध छापून आला तो त्यांतल्याच एका जीवावर, आणि त्या जीवाच्या नावात त्यांनी डार्विनचं नाव गुंफलं. चोविसाव्या वर्षी रॉयल सोसायटी या मानाच्या विज्ञानसंस्थेचे फेलो. १८६० मध्ये ऑक्सफर्डला उत्क्रांतीवर जी प्रसिद्ध खडाजंगी झाली तिथेही ते डार्विनच्या बाजूनं उभे राहून बोलले. हे सगळं दिवसा बँक सांभाळून.

बँकेत त्यांनी स्वतः काही केलं का, की नुसती बापजाद्यांची गादी?

केलं, आणि माझ्या मते त्यांची खरी तालीम तिथेच झाली.

त्या काळी केंटमधल्या एखाद्या गावच्या बँकेचा चेक लंडनमध्ये भरला, तर तो टपालानं थेट त्या गावी धाडायचा, मग त्या बँकेनं आपल्या लंडनच्या अडत्यामार्फत पैसे पोचते करायचे. प्रत्येक चेकमागे वेगळं पाकीट, वेगळी नोंद. लंडनमधल्या चेकांसाठी क्लिअरिंग हाउस होतंच, बँकांचे कारकून रोज तिथे बसून देणं-घेणं वळतं करत. १८५८ च्या सुमारास गावोगावच्या बँकांचे चेकही त्याच टेबलावर आणण्याची व्यवस्था सुरू झाली. तिला कंट्री क्लिअरिंग म्हणत, आणि ती घडवण्यात तेव्हा चोविशीत असलेल्या लबक यांचा पुढाकार होता. एमआयसीआर, म्हणजे यंत्रानं चेक वाचण्याची पद्धत, येण्याआधीचं क्लिअरिंग ज्यांनी केलं आहे, गठ्ठे बांधून, याद्या जुळवून, एका चेकच्या फरकासाठी संध्याकाळी सातपर्यंत बसून, त्यांना याची किंमत कळेल.

दुसरं काम आकडेवारीचं. आपल्या पेढीत आलेल्या कोट्यवधी पौंडांची त्यांनी फोड करून पाहिली: चेक आणि हुंड्या किती, नोटा किती, नाणी किती. सोन्या-चांदीची नाणी शेकडा एकसुद्धा भरली नाहीत. सगळा डोलारा कागदावर चालतो, हे तोवर लोक अंदाजानं म्हणत, यांनी मोजून दाखवलं. १८७९ मध्ये लंडनला बँकर्स इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष हेच.

राजकारणात पहिल्याच फटक्यात निवडून आले का?

नाही. १८६५ मध्ये वेस्ट केंटमधून पडले, १८६८ मध्ये पुन्हा तिथेच पडले. लिबरल पक्षाचे उमेदवार होते आणि भाग जमीनदारांचा. १८७० च्या पोटनिवडणुकीत मेडस्टोननं निवडून दिलं. १८८० मध्ये मेडस्टोननंच घरी बसवलं, पण लगेच लंडन विद्यापीठाची जागा रिकामी झाली आणि तिथून ते शेवटपर्यंत राहिले. पदवीधरांचा मतदारसंघ त्यांच्या स्वभावाला मानवणारा होता. सभा गाजवणारं वक्तृत्व त्यांच्याकडे नव्हतं.

बँक हॉलिडेचा कायदा काय होता? त्यात बँकेचा काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

१८३४ पर्यंत बँक ऑफ इंग्लंड वर्षात तीसेक संतांचे सण पाळून बंद राहायची. त्या साली सुट्ट्या चारावर आणल्या. कारखान्यांत आणि दुकानांत तर गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडले तर हक्काची सुट्टी अशी नव्हतीच. मालकानं दिली तर दिली.

आता बँकेनं एखाद्या दिवशी स्वतःहून बंद का राहू नये? अडचण हुंडीची. बिल ऑफ एक्स्चेंज म्हणजे अमुक दिवशी अमुक रक्कम देतो असा कागद. त्याची मुदत ज्या दिवशी भरते त्या दिवशी बँक उघडी हवी. दार बंद असेल तर हुंडी नाकारली गेली असं होतं, नोटरी येतो, नोंद होते आणि एका चांगल्या व्यापाऱ्याची पत धुळीला मिळते. म्हणजे बँकेला सुट्टी द्यायची तर आधी हुंडीला सुट्टी द्यायला हवी, आणि ती फक्त कायदाच देऊ शकतो.

लबक यांनी नेमकी हीच खुंटी पकडली. १८७१ च्या कायद्यानं इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये चार दिवस ठरवले: ईस्टरनंतरचा सोमवार, व्हिटसन या ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि २६ डिसेंबर. स्कॉटलंडची यादी थोडी वेगळी. या दिवशी मुदत भरणारी हुंडी दुसऱ्या दिवशी देय समजावी. शिवाय ज्या दिवशी बँकेत पैसे द्यायची सक्ती नाही, त्या दिवशी इतर कुणावरही देणं चुकवण्याची सक्ती नाही. एवढंच. 'कामगारांना सुट्टी द्या' असं वाक्य त्यात कुठे नाही. पण बँक बंद म्हटल्यावर व्यापार बंद, व्यापार बंद म्हटल्यावर गोदी आणि दुकानं उघडून करायचं काय?

खासगी सभासदाचं विधेयक, तेही निवडून येऊन जेमतेम वर्ष उलटलेलं. मंजुरी मिळाली २५ मे १८७१ ला आणि चारच दिवसांनी व्हिटसनचा सोमवार होता. ऑगस्टमधला पहिला सोमवार आला ७ तारखेला. समुद्रकाठी जाणाऱ्या गाड्यांना लंडनच्या स्टेशनांवर अशी झुंबड उडाली की रेल्वेवाल्यांची भंबेरी. इतर तीन दिवस कुठल्या ना कुठल्या सणाला चिकटलेले होते. ऑगस्टचा सोमवार मात्र कुठल्याच संताचा नव्हता. लोकांनी गमतीनं त्याला 'सेंट लबक डे' म्हणायला सुरुवात केली. हा दिवस त्यांनी क्रिकेटसाठी निवडला अशी एक गोष्ट सांगतात. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी.

आपल्याकडचा 'बँक हॉलिडे' त्यांच्याच कायद्यातून आला का?

थेट नाही. आपला कायदा १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट. राज्य सरकारच्या अधिसूचनेत 'परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली' असं जे लिहून येतं, तो हाच. कल्पना मात्र त्याच कुळातली: सुट्टी जाहीर करायची ती हुंडीच्या आणि चेकच्या कायद्याखाली.

फरक मजेशीर आहे. लबक यांच्या कायद्यात सुट्टीच्या दिवशी मुदत भरली तर पैसे दुसऱ्या दिवशी द्यायचे. आपल्या कलम २५ प्रमाणे आदल्या कामाच्या दिवशी. म्हणजे तिकडे सुट्टीमुळे देणेकऱ्याला एक दिवस मिळतो, इकडे तो जातो. इंग्लंडात रविवारला जुना नियम आदल्या दिवसाचाच होता. बँक हॉलिडेपुरता तो लबक यांनी उलटा फिरवला. परीक्षेला हा मुद्दा पाठ केला होता, पण तो का असा आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं.

रविवारची सुट्टीही त्यांनीच दिली ना? तसा मेसेज फिरतो.

नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १० जून १८९० ला. लबक यांचा त्यात काडीचाही संबंध नाही. मेसेज पुढे पाठवू नका.

दुकानातल्या नोकरांसाठी काही केलं?

बराच काळ झगडले आणि थोडंच पदरात पडलं. १८८६ च्या कायद्यानं दुकानात काम करणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे तास आठवड्याला ७४ वर आणले, जेवणाची वेळ धरून. सहा दिवसांना भागून पाहा, रोजचे बारा तास वीस मिनिटं पडतात. आणि ही सुधारणा! यावरून आधी काय चालत असेल ते ताडता येतं. दुकानं बंद करायची वेळ ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारा कायदा झाला १९०४ साली, म्हणजे आणखी अठरा वर्षांनी. तोवर ते सत्तरीला पोचले होते.

एव्हबरी हे नाव का घेतलं?

विल्टशायरमध्ये एव्हबरी नावाचं गाव आहे. तिथे नवाश्मयुगातलं उभ्या दगडांचं इतकं प्रचंड वर्तुळ आहे की गावाचा बराच भाग त्याच्या आत वसलेला आहे. शेतकरी पिढ्यान् पिढ्या ते दगड फोडून घरं बांधत आले. १८७१ मध्ये तिथली काही जमीन घरांसाठी विकायला निघाल्याचं कळलं आणि लबक यांनी ती स्वतःच्या पैशानं विकत घेतली. पुढे शेजारची सिल्बरी हिल ही मानवनिर्मित टेकडीही घेतली.

पण सगळंच काही खिशातून विकत घेता येणार नव्हतं. म्हणून १८७३ मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचं विधेयक आणलं. पडलं. पुन्हा आणलं, पुन्हा पडलं. माझ्या जमिनीतल्या दगडाचं काय करायचं ते सरकार कोण सांगणार, हा जमीनदारांचा सूर. अखेर १८८२ मध्ये कायदा झाला तो दात काढलेला: यादीत ६८ स्थळं, आणि मालकानं राजीखुशीनं दिली तरच सरकार सांभाळणार. या स्मारकांचे पहिले सरकारी निरीक्षक पुरातत्त्वज्ञ जनरल पिट-रिव्हर्स. पहिली पत्नी एलेन वारल्यावर लबक यांनी १८८४ मध्ये याच जनरलच्या मुलीशी, ॲलिसशी, लग्न केलं. म्हणजे कायदा जावयाचा आणि अंमलबजावणी सासऱ्याची.

भारतात कर्झनच्या काळात १९०४ चा प्राचीन स्मारक कायदा आला, त्यात मात्र सक्तीनं जागा घेण्याची तरतूद होती. वसाहतीत जमीनदाराला विचारायची गरज कुणाला वाटते?

मुंग्यांना दारू पाजल्याची गोष्ट खरी आहे?

अगदी खरी. घरात काचेच्या दोन तावांमध्ये मुंग्यांची वारुळं वसवून ती सगळ्यांभोवती पाण्याचा खंदक करून ठेवलेली. एकेका मुंगीच्या पाठीवर रंगाचा ठिपका, म्हणजे कोण कुठे जाते त्याची नोंद ठेवता येते. लेजरच.

प्रश्न असा होता: हजारो मुंग्यांत आपली कोण आणि परकी कोण हे कसं ओळखतात? काही खूण, परवलीचा शब्द असतो का? खुणेचा संशय मिटवायचा तर मुंगी बेशुद्ध हवी. क्लोरोफॉर्म देऊन पाहिलं, तर बाकीच्यांनी त्यांना मेलेल्या समजून सरसकट फेकून दिलं. मग दारू. झिंगलेल्या मुंग्या वाटेत ठेवल्या. शुद्धीवरच्या मुंग्या आल्या, थोडा वेळ बुचकळ्यात पडल्यासारख्या दिसल्या, मग आपल्यांतल्या बहुतेकींना उचलून घरी नेलं आणि परक्या बहुतेक पाण्यात टाकल्या. झिंगलेली मुंगी काही परवलीचा शब्द सांगू शकत नाही, तरी ओळखली.

वैज्ञानिक दृष्टीनं मोठा शोध दुसरा. वारुळावर प्रकाशाचे सप्तरंग पाडले की मुंग्या आपले कोष जांभळ्या टोकाकडून आणि त्याच्याही पलीकडच्या, आपल्याला काळ्या दिसणाऱ्या भागातून उचलून लाल टोकाकडे नेत. अतिनील प्रकाश त्यांना जाणवतो हे यावरून सिद्ध झालं. एक राणी मुंगी त्यांनी १८७४ च्या डिसेंबरात आणली होती, ती १८८८ च्या ऑगस्टपर्यंत जगली. या काळात इंग्लंडात तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. व्हॅन नावाच्या त्यांच्या काळ्या पूडल कुत्र्याला अक्षरं लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं उचलून खाणं किंवा फिरायला जाणं मागता येई, तेही खरंच.

डार्विनसाठी संसदेत काय केलं?

दोन गोष्टी, एक फसलेली आणि एक साधलेली. डार्विनची बायको त्यांची सख्खी मामेबहीण. अशा लग्नांमुळे मुलांच्या प्रकृतीवर परिणाम होतो का, ही चिंता त्यांना आयुष्यभर होती. म्हणून १८७१ च्या जनगणनेत 'नवरा-बायको चुलत-मामे भावंडं आहेत का' असा प्रश्न घालावा, अशी सूचना लबक यांनी १८७० मध्ये मांडली. सभागृहानं ती फेटाळली.

१९ एप्रिल १८८२ ला डार्विन गेले. घरच्यांना दफन डाउन गावातच हवं होतं. लबक यांनी वीस खासदारांच्या सह्या घेऊन वेस्टमिन्स्टर ॲबीच्या डीनकडे अर्ज केला आणि २६ तारखेला दफन ॲबीत झालं. शवपेटीचं वस्त्र धरणाऱ्यांत लबक होते. गावातली माणसं मात्र हिरमुसली.

आपल्या रुपयाशी त्यांचा काही संबंध?

आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १८७० नंतर चांदीचा भाव कोसळत गेला आणि चांदीचा रुपया पौंडापुढे घसरला. हिंदुस्थान सरकारला लंडनला दरवर्षी पौंडांत पैसे धाडावे लागत, म्हणजे तेवढ्याच पौंडांना जास्त रुपये, म्हणजे रयतेवर जास्त ओझं. सोन्याबरोबर चांदीलाही ठरावीक भावानं चलनात मान्यता द्यावी, ही मागणी जोरात होती. १८८६ साली नेमलेल्या सोने-चांदी आयोगात लबक सभासद होते. आयोग सहा विरुद्ध सहा असा दुभंगला आणि लबक सोन्याच्या बाजूला राहिले. लोम्बार्ड स्ट्रीटचा माणूस दुसरीकडे कुठे जाणार? १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या टांकसाळी लोकांनी आणलेल्या चांदीला बंद झाल्या.

शंभर पुस्तकांची यादी म्हणतात ती काय?

१८८६ मध्ये लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजमध्ये, जिथे ते प्राचार्य होते, एका व्याख्यानात त्यांनी वाचावीत अशी शंभर पुस्तकं सांगितली. त्यावर वर्तमानपत्रांत महिनोन् महिने वाद. यादीत रामायण, महाभारत आणि कालिदासाचं शाकुंतल होतं. महाकाव्यं संक्षेपात, पण होती.

त्यांच्यात काही खोट नव्हती का?

होती, आणि आपण वाचताना ती टोचते. अश्मयुगातला माणूस कसा जगत असेल हे समजायला त्यांनी हयात असलेल्या आदिवासी समाजांकडे 'मागे राहिलेले नमुने' म्हणून पाहिलं. अंदमान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं टिएरा देल फ्वेगो इथल्या माणसांबद्दलची प्रवाशांची ऐकीव वर्णनं त्यांनी घेतली आणि शिडीच्या तळाशी त्यांना, टोकाशी युरोपला बसवलं. मुंगीचं निरीक्षण करताना शंभरदा पडताळा घेणारा हा माणूस माणसांच्या बाबतीत एवढा बेफिकीर कसा, हे कोडं मला सुटलेलं नाही. काळाचा दोष म्हणून सोडून देता येतं. मी देत नाही.

इतकं करून मंत्री का झाले नाहीत?

१८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर ते पंतप्रधान ग्लॅडस्टनपासून फुटून स्वराज्याला विरोध करणाऱ्या लिबरल युनियनिस्टांत गेले, पण त्याआधीही मंत्रिपदाच्या शर्यतीत ते फारसे दिसत नाहीत. त्यांना समित्या आवडत. १८८४ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात यासाठी, संस्था काढली. १८८९ मध्ये लंडनचा कारभार पाहणारं लंडन काउंटी कौन्सिल स्थापन झालं, त्याचे १८९० ते १८९२ ते अध्यक्ष होते.

आज त्यांचं काय उरलं आहे?

पेढी १९१४ मध्ये, ते गेल्यानंतर वर्षभरातच, कूट्स बँकेत विलीन झाली. हाय एल्म्सचा वाडा १९६७ मध्ये जळाला. इस्टेट आता सार्वजनिक उद्यान आहे, लोक कुत्री फिरवायला येतात. १८७१ चा कायदा बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, नव्या कायद्यानं बदलला. ऑगस्टची सुट्टी इंग्लंडात आता महिन्याच्या शेवटच्या सोमवारी असते. स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडच्या प्रजासत्ताकात ती अजून पहिल्या सोमवारीच आहे.